तान्ह्या पोळ्याच्या बोजाऱ्यातून सरकारी बॅटऱ्या?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक साहेब,
आणि आमच्या जिल्ह्याच्या रुग्ण कल्याण समितीचे सर्व सन्माननीय सदस्य

सादर नमस्कार.

तुमच्या कार्यालयाचं पत्र फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मिळालं. त्यात आमच्या गावाच्या 'स्तुत्य उपक्रमा'चं कौतुक आहे. आणि चौथ्या ओळीत विनंती आहे, की मेंदूच्या गाठीच्या रुग्णांसाठी आम्ही जमवलेल्या पैशातून जिल्हा रुग्णालयातल्या सीटी स्कॅन मशीनच्या यूपीएसला लागणाऱ्या बॅटऱ्या 'लोकसहभागातून उपलब्ध करून द्याव्यात'. सोबत कोटेशन आहे, २,७४,००० रुपयांचं. आमच्याकडे जमलेत २,८८,६००. कोटेशन काढणाऱ्याने आधी आमचा हिशेब पाहिला असावा अशी शंका मनाला चाटून गेली. खोटी असेल तर माफ करा.

उत्तर दहा दिवसांत मागितलंय. गावाच्या वतीने ते मी देते आहे आणि उघड देते आहे, कारण ज्यांनी पैसे दिले ती माणसं तुमच्या कार्यालयात येऊन फाइल वाचणार नाहीत.

मी आशा स्वयंसेविका आहे. वर्धा नदीच्या काठावरच्या एका गावात १४ वर्षांपासून काम करते. माझं नाव, गाव, सही सगळं तुमच्याकडे दिलेल्या प्रतीवर आहे, आवक शिक्का मारून घेतलाय. इथे लिहीत नाही, कारण सोमवारी मला पुन्हा त्याच पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) मीटिंगला जायचंय.

हे पैसे ज्याच्यामुळे जमले तो माझा धाकटा भाऊ. घरात त्याला लहान्या म्हणायचे. फाट्यावर त्याचं मोटर बायंडिंगचं दुकान होतं. आजूबाजूच्या पाच गावांतल्या विहिरींवरच्या मोटारी एकदा तरी त्याच्या हाताखालून गेल्या असतील. २०२४ च्या पेरणीच्या दिवसांत त्याचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठल्याबरोबर दुखायचं, एक उलटी झाली की हलकं वाटायचं, आणि दहा वाजता गडी दुकानात हजर. "ताई, डोस्कं लय दुखून राह्यलं व सकायी सकायी," असं त्यानं मला म्हटलं. मी काय म्हटलं? "पित्त असन. उपाशी नको राहत जाऊ." गोळ्या आणून दिल्या. मग डोळ्यांना अंधुक दिसतं म्हणाला, तर शहरात नेऊन चष्मा करून आणला. या पत्रात तक्रारी आहेत. पहिली तक्रार माझी माझ्यावरच आहे, ती आधी नोंदवून घ्या.

आमच्याकडे सीबॅक नावाचा एक फॉर्म असतो. तंबाखू खाता का, कंबरेचा घेर किती, घरात कुणाला शुगर आहे का. फिट येते का हाही प्रश्न त्यात आहे. पण तो भरायचा तिशीच्या पुढच्या माणसांचा. लहान्या २९ वर्षांचा होता. आणि भरला असता तरी सकाळची डोकेदुखी, उलटी आणि अंधुक नजर ही तीन एकत्र आली तर काय समजायचं, हे मला १४ वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. टीबी शिकवला, गरोदर बाईचं बीपी शिकवलं, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर शिकवला. डोक्यातलं काहीच नाही.

पोळा आठ दिवसांवर होता. आठवडी बाजारात, बैलांच्या साजाच्या दुकानासमोर त्याला फिट आली. लोकांनी कांदा फोडून नाकाला लावला, चप्पल हुंगवली, दातखीळ सोडवायला चमचा घातला, त्यात समोरचा दात तुटला. (वाचणाऱ्यांनी हे तरी लक्षात ठेवावं: फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि मोठेपणी आयुष्यात पहिल्यांदाच फिट आली असेल तर डोक्याची तपासणी करायचीच.) दुसऱ्या दिवशी आईने भगताकडे नेलं. बाहेरचं आहे म्हणाला. लिंबं, कोंबडं झालं. आईला दोष देत नाही. तिच्याकडे निदान कुणीतरी उत्तर देणारा होता.

तिसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालय. सीटी स्कॅनच्या दारावर वहीचं एक पान चिकटवलेलं: 'तांत्रिक कारणास्तव बंद.' कधीपासून, कधीपर्यंत, तोवर कुठे जायचं, काही नाही. ड्युटीवरचे तरुण डॉक्टर चांगले होते. डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाले, "थांबू नका, बाहेरून करून आणा." बाहेरून म्हणजे खाजगीत. खिशात भाड्यापुरते पैसे होते. बाबांनी व्याजाने पैसे काढले आणि स्कॅन झाला तोवर पाच दिवस गेले होते. त्या पाच दिवसांत आणखी दोन फिट आल्या आणि उजवा हात लुळा पडला. मोटर बायंडिंगवाल्याचा उजवा हात.

ते गाठीमुळे व्हायचंच होतं की उशिरामुळे झालं, हे नागपूरच्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. तेव्हा तुमच्यावर तसा आरोप मी करत नाही. ऑपरेशन झालं, तुकडा तपासायला गेला, रिपोर्ट आला: ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४. मेंदूच्या गाठींचे शंभराहून जास्त प्रकार असतात. काही साध्या असतात, काढल्या की माणूस नातवंडं खेळवतो. ही त्यातल्या सगळ्यात वाईटांपैकी. ऑपरेशन, मग सहा आठवड्यांत ३० वेळा रेडिएशन, सोबत टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल, हे सगळं नीट पार पडलं तरी निम्म्या रुग्णांना जेमतेम सव्वा वर्ष मिळतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गाठ काढता येते, पण तिची मुळं निरोगी मेंदूत गेलेली असतात, कुंदा नावाच्या तणासारखी. शेतकऱ्याच्या घरी कुंदा म्हटल्यावर आणखी काही सांगावं लागत नाही.

म्हणून तुमचं मशीन सुरू असतं तर माझा भाऊ आज जिवंत असता, असं मी म्हणणार नाही. नसता. पण त्याच्या वाट्याला आलेल्या आठ महिन्यांतले काही दिवस कदाचित उजव्या हाताचे असते. आणि बाबांच्या डोक्यावर व्याजाचा पहिला बोजा तपासणीसाठीच चढला नसता.

जनआरोग्य योजनेत ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. त्याबद्दल सरकारचे आभार मानते, मनापासून. योजनेत रुग्णाला जेवण आणि घरी जायचं भाडंही मिळतं. पण रेडिएशन सोमवार ते शुक्रवार रोज असतं, दहा-पंधरा मिनिटांचं. त्यासाठी रुग्णाला भरती कोण ठेवणार? सहा आठवडे नागपुरात खोली घेऊन राहायचं. खोलीचं भाडं रोज अडीचशे, शिवाय ऑटो, डबा, आणि इकडे शेतात सोयाबीन सोंगणीला आलेलं. बाबा पहिले नऊ दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपले. दुसरं मत घ्यायला आम्ही विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलला गेलो, तेव्हा पूर्ण तिकीट काढलं. कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपरचं तिकीट माफ असतं आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते, त्याचा फॉर्म दवाखान्यातून भरून घ्यावा लागतो, हे आम्हाला तिथे रांगेतल्या एका बाईने सांगितलं. राहायची सोय दादरला झाली, गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत. शेंडगावचा माणूस. अमरावती जिल्ह्यातून गेला आणि मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभ्या करून गेला. त्याच्या स्वतःच्या मुलखात जिल्ह्याच्या दवाखान्यात आलेला बाप मात्र सायकल स्टँडवर चादर अंथरतो.

शेवटचे तीन महिने तो घरी होता. बोलणं गेलं होतं. सगळ्या शब्दांऐवजी एकच शब्द उरला होता, 'पाना'. पाणी हवं तरी पाना, कूस बदलायची तरी पाना, मला हाक मारायची तरी पाना. फिटची लेव्हेटिरासिटाम गोळी पीएचसीत नव्हती, तालुक्याला नव्हती. दर महिन्याला खाजगी मेडिकलमधून आणायची. एकदा दोन दिवस खंड पडला आणि रात्रभर फिट येत राहिल्या. पाठीला जखमा झाल्या. गिळता येईना. मी दहा घरांतल्या बाळंतिणी पाहून यायची आणि रात्री त्याच्या जखमा धुवायची. ज्याचा आजार बरा होणार नाही त्याच्या वेदनांसाठी घरी येणारी सेवा असते, सरकारी कागदावर तिचं नावही आहे. आमच्या दारी तुमचं कुणी आलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये तो गेला.

निधीची गोष्ट तेरवीच्या दिवशी सुरू झाली. गावजेवण करायचं नाही, वरण-भात-पोळी एवढंच, असं त्याच्या दोस्तांनी ठरवलं आणि वाचलेले ७,९३५ रुपये आईच्या पुढ्यात ठेवले. "लहान्यासारखं कोनाच्या घरी आलं त त्याईले द्या." तिथून चालू झालं. ऑगस्टमध्ये तान्हा पोळा, म्हणजे लहान पोरांचा पोळा, आला. पोरं लाकडी नंदी घेऊन दारोदार फिरली आणि मिळालेला सगळा बोजारा (खाऊचे पैसे) वर्गणीच्या डब्यात टाकून गेली. ४,३६५ रुपये, त्यात दहाची नाणी फार. वेचणीला जाणाऱ्या ६२ बायांनी एका दिवसाची मजुरी दिली, तीनशेप्रमाणे १८,६००. शेतकऱ्यांनी घरटी थोडा थोडा कापूस दिला, साडेतेरा क्विंटल भरला. हमीभाव ८,११० जाहीर असताना व्यापाऱ्याने तो ७,२०० ने घेतला, पण त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. झाले ९७,२००. चाकण-हिंजवडीच्या कंपन्यांत गेलेल्या त्याच्या दहावीच्या बॅचने १,०८,००० पाठवले. आणि जानेवारीत त्याच्या नावाचे कबड्डीचे सामने झाले, त्यातून ५२,५००. जिंकलेल्या टीमने बक्षीस परत केलं, ढाल तेवढी नेली.

एवढं सविस्तर का लिहिते? कारण तुमच्या पत्रात याला 'उपलब्ध निधी' म्हटलंय.

आता तुमच्या मागणीबद्दल.

वर्गणी गोळा करायच्या आधी आम्ही धर्मादाय कार्यालयातून कलम ४१ क खाली परवानगी काढली, गणपती मंडळं काढतात तीच. अर्जात उद्देश लिहिलाय: मेंदूच्या गाठीचे रुग्ण व त्यांचे सोबती यांचा प्रवास, निवास व औषधे. बॅटऱ्या त्यात नाहीत. ज्या उद्देशाने पैसे मागितले त्याच उद्देशाला ते लावायचे असतात, हे तुमच्या कार्यालयाला मी सांगायला नको.

पण कायद्याआड लपायचं नाही मला. कायदा आडवा नसता तरी आम्ही नाही म्हटलं असतं, आणि ते सोपं नव्हतं. तुमचं पत्र पारावर वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यात आधी आई बोलली. "मशीन चालू होत असन त देऊन टाक ना व बाई. कोनाच्या त लेकराच्या कामी येईन." सगळे गप्प झाले. ज्या दारावरून तिचा मुलगा परत आला ते दार उघडायला ती तयार होती. तिला काय सांगणार?

उत्तर दिलं ते लहान्याच्या दुकानात हाताखाली शिकलेल्या पोराने. आता दुकान तोच चालवतो. म्हणाला, "मामी, बॅटरी तीन-चार सालात जातेच. दादा असता त त्यानंबी हेच सांगतलं असतं. आता आपण देऊ. पुढच्या खेपेला कोण देईन? तवा कोन्या घरचं कोणी मरावं लागन?"

साहेब, त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर या पत्रातून मागते आहे. माहिती अधिकारात आम्ही विचारलं होतं. २०२४ पासून हे मशीन तीनदा बंद पडलं, तिन्ही वेळा कारण बॅटऱ्या. मंजुरीची फाइल दोनदा त्रुटी काढून परत आली. देखभालीचा करार संपला तो वाढवलेलाच नाही. त्याच काळात आवाराची रंगरंगोटी मात्र झाली, ती चांगली दिसते. म्हणजे पैसा नाही असं नाही. पैसा मागायचं काम कुणी वेळेवर करत नाही, आणि आता ते काम न करण्याची सोय आमच्या डब्यात सापडली आहे.

जे सरकारला जमणार नाही त्यासाठी आम्ही वर्गणी केली. रात्री अकरा वाजता नागपूरच्या स्टँडवर उतरलेल्या माणसाला घ्यायला जाणं, सोबत्याला डबा पोचवणं, रेडिएशनच्या २२ व्या दिवशी "आता घरी जातो" म्हणणाऱ्याला आणखी आठ दिवस धरून ठेवणं. ही कामं वर्गणीची. मशीन चालू ठेवणं, औषध कपाटात असणं, दारावर खरी माहिती असणं ही कामं कराची. आमची माणसं गरीब असली तरी काडीपेटीवरसुद्धा कर भरतात. एकाच कामाचे पैसे आम्ही दोनदा देणार नाही.

आई अजून या विषयावर माझ्याशी नीट बोलत नाही.

आमच्या मागण्या जास्त नाहीत.

सीटी स्कॅनच्या बॅटऱ्या आणि देखभालीचा करार जिल्हा नियोजन समितीच्या किंवा तुमच्या हाती असलेल्या कुठल्याही सरकारी निधीतून करा, आणि मशीन कोणत्या तारखेला सुरू होईल ते लेखी कळवा. मोघम 'लवकरच' नको.

मशीन बंद असेल तेव्हा दारावर तारीख, कारण आणि जवळचं चालू सरकारी केंद्र लिहा. तातडीच्या रुग्णाला बाहेरच्या तपासणीची चिठ्ठी द्या, तिचं बिल रुग्णालयाने भरावं. एवढं असतं तर आमचे पाच दिवस वाचले असते.

नागपूरहून ऑपरेशन करून आलेल्या माणसाला फिटची गोळी त्याच्या पीएचसीत मिळावी. ही गोळी एक दिवस चुकवून चालत नाही, आणि ती आणायला महिन्याला एक दिवसाची मजुरी बुडते.

आशांना आणि उपकेंद्रातल्या सिस्टरांना डोक्याच्या गाठीची लक्षणं शिकवा. एक पान पुरे: सकाळची डोकेदुखी उलटीसह, पहिल्यांदाच आलेली फिट, एका बाजूचा हातपाय कमजोर होणं, नजर किंवा बोलणं बिघडणं, शांत माणूस अचानक चिडका होणं. प्रत्येक डोकेदुखी म्हणजे गाठ नव्हे, हेही त्याच पानावर लिहा, नाहीतर गावोगावी घबराट व्हायची. आणि वयाची अट घालू नका, या गाठी लहान लेकरांनाही होतात. ८ जून हा जागतिक ब्रेन ट्यूमर दिवस, २००० सालापासून पाळला जातो. बॅनर लावून फोटो काढण्याऐवजी यंदा त्या तारखेच्या आत हे प्रशिक्षण झालं पाहिजे. शिकवायला डॉक्टर मिळत नसतील तर फिट आलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं ते मी शिकवते, मोबदला नको.

रेल्वे आणि एसटीच्या सवलतीची माहिती, आणि धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी मोफत व दुर्बलांसाठी सवलतीच्या दरात प्रत्येकी १० टक्के खाटा राखीव असतात ही माहिती, मराठीत मोठ्या अक्षरांत प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात लावा. इंग्रजीतला बोर्ड आमच्या इथे सलाईन टांगायला वापरतात.

आणि बरा न होणारा रुग्ण घरी आला की महिन्यातून दोनदा तरी कुणीतरी प्रशिक्षित माणूस त्याच्या दारी जावं. फाइलवर गेलेलं मोजू नका.

तुमच्या आवारातल्या जुन्या क्वार्टरपैकी एक बंद खोली नातेवाइकांच्या मुक्कामासाठी आम्हाला दिलीत, तर चुना, फरशी, गाद्या, पाण्याची टाकी हे सगळं आमचे लोक करतील. वायरिंग लहान्याच्या दुकानातून होईल. त्यासाठी पुन्हा डबा फिरवायला कबड्डीची पोरं तयार आहेत. हा अर्ज आम्ही डिसेंबरमध्ये दिला होता, त्याला उत्तर नाही. बॅटऱ्यांचं पत्र मात्र न मागता आलं.

निधी कामाला लागलाय. नदीपलीकडच्या गावातली १२ वर्षांची मुलगी, मेंदूच्या मागच्या भागातली गाठ काढलेली, येत्या सोमवारपासून नागपुरात रेडिएशन घेणार आहे. तिचे वडील सालदार आहेत, वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारे. मालकाने सहा आठवड्यांची सुट्टी दिली, पगार कापून. खोलीचं भाडं आणि दोघांच्या जेवणाचा खर्च आपल्या वर्गणीच्या डब्यातून जाईल. तिचंही सीटी स्कॅन बाहेरूनच झालं, ३,२०० रुपयांत, कानातली विकून.

तुमचं उत्तर लेखी यावं. पत्ता अर्जावर आहे.

आपली,
एक आशा स्वयंसेविका आणि गावकरी